वटवाघळाची जागा

"नाव नंतर. आधी खुणा." बरणीवर बोट टेकवून सर एवढंच म्हणायचे. भोपाळला आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवत. प्रत्येक जिवाला त्याची जागा असते, असं मानणारा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

प्रयोगशाळेतल्या लांब फळीवर त्यांनी प्राणिसृष्टी ओळीने मांडली होती. आधी स्पंज, मग जेलीफिश, कृमी, गांडूळ, झुरळ, गोगलगाय, तारामासा. पुढे पाठीचा कणा असलेले: मासा, बेडूक, सरडा, कबुतर, पोपट, शेवटी उंदीर आणि वटवाघूळ. परीक्षेत मी वटवाघळाला पक्षी लिहिलं आणि एका गुणाने नापास झालो. उडतं ना, म्हणून भांडलो.

"पिसं दाखव," सर म्हणाले. "पिलाला दूध पाजतं ते."

शाळा सुटली ती सुटलीच. हातगाडीवर भंगार गोळा करत भोपाळच्याच करोंद भागात गोदाम उभं केलं, पण तो गुण विसरलो नाही.

पुढे क्वार्टर्स ओस पडली, शाळा बंद झाली. लिलावात तिथलं सामान मीच उचललं. तिसऱ्या दिवशी सर गोदामात हजर. निवृत्त झालेले, दोन बस बदलून घामेजलेले.

"बरण्या फोडणार?"

"काच वेगळी, लोखंड वेगळं. आमचंही वर्गीकरण असतं, सर."

"कशावरून ओळखतोस?"

"वाजवून."

"म्हणजे आधी खुणा." त्यांनी मला दिलेली तेवढीच शाबासकी.

मी माझा भाव सांगितला. पैसे नकोत, माझं उत्तर बरोबर होतं एवढं म्हणा, बरण्या घरपोच देतो. सरांनी वटवाघळाच्या बरणीवर बोट टेकवलं.

"नाही रे. ते पक्षी नाही," म्हणाले आणि निघाले.

फाटकापर्यंत गेलेलं गिऱ्हाईक वळतंच, हा माझा अनुभव. ते वळले नाहीत.

फोडायला बरणी उचलली आणि परत ठेवली. आठवड्याने निरोप धाडला, बरण्या शाबूत आहेत. गोदामातच मी सगळी ओळ मांडली होती. फक्त वटवाघूळ मुद्दाम कबुतर आणि पोपटाच्या मध्ये ठेवलं. सर आले, त्यांनी ते उंदराशेजारी नेलं. ते गेल्यावर मी ते पुन्हा पक्ष्यांत ठेवलं. पुढच्या रविवारी पुन्हा उंदराशेजारी. कित्येक वर्षं हेच. चहा व्हायचा, त्या गुणाचा विषय कुणीच काढला नाही.

सरांना जाऊन वर्ष होत आलं. मीही थकलोय, धंदा मुलगी बघते. रविवारी तेवढा गोदामात येऊन बसतो. वटवाघूळ अजून पक्ष्यांतच आहे. जागा चुकली आहे, हे मलाही कळतं. पण ते हलवायचं काम माझं नाही.