नगरसेवकांचा जबाब

नाव पुकारलं की ते उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हजर." कुणी चहाला हाक मारली तरी हातातली यादी खाली ठेवून, शर्ट नीट करून, "हजर." नव्या माणसांना हसू यायचं. आम्हालाही यायचं, पण सवयीचं.

दुबईत रास अल खोरच्या आमच्या टाइल्सच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते. त्याआधी सीमाभागातल्या एका गावात दोनदा निवडून आलेले नगरसेवक. नगरपालिकेवरची मराठी पाटी सरकारी हुकमाने उतरवली, तेव्हा यांनी शिडी मागवली आणि दिवसाढवळ्या ती परत लावली. मग बेकायदा जमाव, सरकारी कामात अडथळा, अशी कलमं लागली. पद गेलं, दुकान बसलं, आणि कोर्टाच्या परवानगीने ते दुबईला आले. अट एकच, तारखेला हजर राहायचं.

तुम्ही-आम्ही रजा घेतो ती मुलांची सुट्टी बघून. त्यांची रजा कोर्ट ठरवायचं. एका वर्षी तारखेला जाऊन आले आणि पुढच्याच महिन्यात मुलीचं लग्न निघालं. दुसरी रजा मिळाली नाही. लग्नाची कॅसेट त्यांनी आमच्या घरी बसून पाहिली. कोर्टात काय झालं विचारलं, तर म्हणाले, "पुढची तारीख."

संध्याकाळी ते, गोदामातलाच शिंदे आणि मी माझ्या गाडीतून शारजाला घरी परतायचो. ट्रॅफिक तुंबला की मागच्या सीटवर जबाबाची तयारी सुरू. घसा साफ करून, "साहेब, पाटी मी लावली हे खरं आहे." वकील म्हणायचा, नाकबूल करा, सुटाल. यांना नुसतं सुटायचं नव्हतंच. पाटी का लावली, ते एकदा भर कोर्टात, मराठीतून सांगायचं होतं. सगळ्या खेपा त्यासाठीच चालल्या होत्या.

पहिलं वाक्य झालं की शिंदे ओरडायचा, "खलास, साहेब! कोर्ट उठलं. यल्ला, चला, रेडिओ लावा!"

मी रेडिओ लावायचो. दिवसभर वैतागलेलो असायचो, खोटं कशाला बोलू? ते हसून जबाब तिथेच सोडायचे.

मग एक दिवस ऑफिसात वकिलाचा फॅक्स आला. सरकारने त्या आंदोलनाचे सगळे खटले एकदम मागे घेतले होते. आता यायची गरज नाही. शिंदेने मिठाई आणली. केरळी मॅनेजर म्हणाला, "मुबारक हो! अब छुट्टी कभी भी ले लो."

त्यांनी फॅक्स दोनदा वाचला. "म्हणजे जबाब घेणार नाहीत?"

"अहो, सुटलात की!" मी म्हणालो.

"हो, सुटलो," ते म्हणाले. बर्फीचा तुकडा बराच वेळ त्यांच्या हातातच होता.

त्यानंतर हाक मारली की ते उठेनासे झाले. बसल्या जागेवरून म्हणायचे, "काय?" रजा कधी घ्यायची, हेही त्यांना दोन वर्षं ठरवता आलं नाही. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला आणि ते कायमचे गावी निघाले.

विमानतळावर सोडायला मी गेलो. रस्ता नेहमीसारखाच तुंबलेला. मला फार वाईट वाटत होतं. रेडिओ बंद करून मी म्हणालो, "आज जबाब पूर्ण ऐकवा."

त्यांनी घसा साफ केला. "साहेब, पाटी मी लावली हे खरं आहे." मग थांबले. "पुढचं आठवत नाही हो. तुम्हाला आठवतं का?"

मला कुठून आठवणार? इतक्या वर्षांत आम्ही त्यांना पहिल्या वाक्याच्या पुढे कधी जाऊच दिलं नव्हतं.