तात्यांची धारणा

श्वास आत येतो, वळतो आणि बाहेर जातो; त्या वळणावर क्षणभर काहीच नसतं, आणि ते काहीच नसणं म्हणजेच साक्षात भैरव. तंत्रमार्गातलं हे गूढ मला बारामतीतल्या एका मंगल कार्यालयात उलगडलं. शिबिर सकाळचं होतं. आधी दीपप्रज्वलन झालं, मग व्यासपीठावरच्या सर्वांना शाल आणि नारळ देण्यात आले, मग ज्यांचं नाव घ्यायचं राहिलं होतं त्यांची माफी मागून त्यांनाही देण्यात आले. श्वासाच्या वाट्याला जेवणाआधीचा थोडा वेळ आला.

पण तेवढ्यात मजा आली, खोटं कशाला बोलू. काही रोखायचं नाही, मोजायचं नाही. श्वास येता-जाता नुसता बघायचा आणि तो वळतो तिथे आपणही जरा रेंगाळायचं. डोक्यातली बडबड कुणीतरी शेजारच्या खोलीत नेऊन ठेवावी तशी दूर गेली. उठले तेव्हा मी विनाकारण खूश होते, आणि अशा माणसाला ताबडतोब शिष्य हवा असतो.

मला तो माहेरच्या गावी, वरकुट्यात मिळाला. माझ्या थोरल्या चुलतभावाला सगळे तात्या म्हणतात. त्यांची कंबर धरली होती आणि डावा पाय बधिर पडत होता. मणक्याचं ऑपरेशन करायचं की नाही, ते एमआरआय बघून ठरणार होतं. आणि तात्या त्या मशीनमध्ये जाताक्षणी ओरडून बाहेर आले होते. उभा जन्म विहिरीत उतरण्यात गेलेला माणूस, पण त्या नळीत त्यांचा जीव घुसमटला. वहिनींनी गावात सांगितलं, मशीन बिघडलं होतं.

दुसऱ्यांदा जायला तात्या तयार नव्हते, आणि फोटोशिवाय डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. म्हणून मी संध्याकाळच्या वरकुट्याच्या फेऱ्या सुरू केल्या. डाळिंबाच्या बागेकडेला बाजेवर तात्या आडवे पडायचे आणि शेजारी खुर्चीत मी.

"मास्तरीणबाई, श्वास मी जन्मल्यापासनं घेतोय," ते म्हणाले. "त्यात तू काय शिकवणार?"

घेऊ नका, नुसता बघा, असं मी सांगितलं. त्यांनी थोडा वेळ बघितला आणि घोरू लागले. ध्यान आणि निद्रा यांतला फरक मी शास्त्राधाराने समजावू लागले, तशी वहिनींनी मला हळूच अडवलं.

"झोपू द्या, वन्सं. तेवढाच येळ त्यांच्या सूचना बंद असत्यात."

तरी रोज थोडं थोडं जमत गेलं. डोळे मिटून शांत पडता येऊ लागलं, छातीतली धडधड कमी झाली, असं तात्यांनी स्वतःच कबूल केलं. आम्ही पुन्हा बारामतीला गेलो.

या वेळी ते डोळे मिटून आत गेले. मशीन धडधडू लागलं. मी काचेपलीकडे फोटो काढणाऱ्या मुलीशेजारी उभी होते. तात्या हलेनात. त्यांचे दोन्ही पाय इतके निश्चल होते, की मला गुरुपदाची चव कळली.

मग पहिला फोटो संपला आणि मशीन गप्प झालं. त्यासरशी तात्यांनी उठायला म्हणून अंग उचललं आणि कपाळ वरच्या छताला आपटलं. मुलगी धावत आत गेली. तिने त्यांना बाहेर ओढलं.

"लाईट गेली व्हय?" तात्यांनी विचारलं.

सगळा उलगडा त्यातच झाला. पाणी देताना तात्या मोटरच्या आवाजात बांधावर गाढ झोपतात. आवाज थांबला, की लाईट गेली म्हणून त्याच क्षणी उठून स्टार्टरकडे चालू लागतात. आमच्याकडच्या कुठल्याही बागायतदाराचं शरीर असंच घडलेलं असतं. दोन श्वासांमधल्या शांततेत विसावायचं, हे मी त्यांना रोज शिकवत होते. आणि शांतता पसरली की काहीतरी बिघडलं, हे ते आयुष्यभर शिकले होते.

मुलगी इंदापूरकडची, ऊसवाल्या घरातली निघाली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. फोटो पुन्हा सुरू झाले. मशीन थांबलं, की ती माइकवर शांतपणे म्हणायची, "तात्या, लाईट हाय. पडा."

आणि आतून, हातपाय न हलवता, उत्तर यायचं, "बरं."

पुढे पुढे हसू आवरेना म्हणून ती एका हाताने तोंड दाबायची आणि दुसऱ्या हाताने बटण. मी तर पदराने डोळे पुसत होते. बाहेर बाकावर बसलेल्या वहिनींना दाराच्या काचेतून मी रडताना दिसले आणि त्या घाबरून आत आल्या. त्यांना काय झालं ते सांगितलं, तर त्याही हसू लागल्या.

फोटो स्वच्छ आले. ते बघून डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. तात्यांनी तिथेच जाहीर केलं, की आता रोज पहाटे रीतसर ध्यानाला बसणार.

डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि मांडी घालून बसायला कायमची मनाई केली.