मरियेच्या पापण्या

माझ्या बाबांचं आयुष्यभराचं काम अड्याळच्या तलावात आहे. गणपती, शारदा, दुर्गा, त्यांनी घडवलेलं सगळं दरवर्षी विसर्जनाला तिथेच गेलं. नाटकाचे पडदे रंगवले, तर तेही पुढच्या मोसमात धुऊन दुसऱ्या नाटकाला वापरले. म्हणून एका लहानशा चर्चच्या सिस्टर कॅलेंडर घेऊन आल्या आणि त्यावरचं मरिया आणि बाळ येशूचं जुनं चित्र दाखवून म्हणाल्या, "असंच मोठं, हाताने रंगवून द्या," तेव्हा बाबांनी आधी विचारलं, "शिरवाचं तं नाही ना?"

सिस्टरना कळेना. मी सांगितलं, विसर्जन करणार का, असं विचारतात.

"छे! भिंतीवर राहील. कायमचं."

तो 'कायमचं' बाबांनी आठवडाभर चघळला.

कॅलेंडरवर पेन्सिलीने चौकोन आखून त्यांनी चित्र मोठं केलं. निळं वस्त्र, बाळाचे गुबगुबीत पाय, सगळं हुबेहूब. डोळे मात्र मूर्तीसारखे शेवटी, अंघोळ करून, उपाशीपोटी. कॅलेंडरवरच्या आईची नजर खाली बाळाकडे, पापण्या जवळजवळ मिटलेल्या. बाबांची मरिया टक लावून समोर पाहू लागली.

"बाबा, छापात खाली पाहते ती."

"डोरे उघडल्याबिगर आपल्या घरून काही गेलं हाय का आजलोक?"

हट्टापुढे माझं काही चालत नसे. सिस्टर आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. "काका, ही आमच्याकडे बघते. आमची आई बाळाकडे बघते. अशी नाही लावता येणार."

बाबांचा चेहरा पडला. हाती आलेली भिंत निसटत होती. त्यांनी ब्रश घेतला आणि त्यांच्यासमोरच पापण्या खाली आणल्या. मला वाटलं, रात्री जेवणार नाहीत. पोटभर जेवले.

"उघडले होते ना एकडाव," एवढंच म्हणाले.

बाबा गेले, त्यालाही आता काही वर्षं झाली. या उन्हाळ्यात सिस्टरांचा फोन आला. "ताई, आईचे डोळे दिसायला लागलेत."

जाऊन पाहिलं. ओल नव्हती, पोपडे नव्हते. पापण्यांवर रंगाचा एकच हात होता, तोही पाण्यासारखा पातळ, वर्षांनी विरत गेलेला. खालचं झाकायचं तर दोन हात द्यायचे, हे मला याच माणसाने ब्रशच्या दांडीने बोटांवर मारून शिकवलं होतं. म्हणजे म्हाताऱ्याने मुद्दाम केलं होतं. मला हसू आलं आणि तिथेच रडूही आलं.

"झाकून द्याल ना?" सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर फादर म्हणतात, हे काढू आणि प्रिंट लावू."

मी स्टुलावर चढले. बाबांनी उघडलेले डोळे अगदी जवळून माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या हातचं एवढं एकच काम कोरड्या जागी उरलं होतं.

एक हात दिला. तो वाळेपर्यंत बाकावर बसून राहिले. मग दुसरा दिला.