कोरी चिठ्ठीही चालते

आमच्या धुळ्याच्या मुलींच्या बालगृहात दर शनिवारी नरडाण्याहून एक निवृत्त नर्सबाई येतात. पाळी, गरोदरपण, नको असलेला स्पर्श, सगळं त्या भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात सांगतात. शेवटी प्रश्नांसाठी बिस्किटांचा रिकामा डबा फिरतो. "बठ्ठ्याजणी चिठ्ठी टाका वं माय, कोरी बी चाली." सगळ्याच टाकतात, त्यामुळे कुणी विचारलं ते कळत नाही.

मी इथली अधीक्षक. पोरींची अक्षरं मला पाठ. एकदा बाई चिठ्ठी वाचत असताना मी वाकून पाहिलं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं आणि चिठ्ठी उरलेल्या चहात बुडवली.

पुढच्या शनिवारी डबा माझ्यापुढे आला. "मॅडम, तुम्ही बी."

दोन लेकरांची आई मी, कोरीच टाकणार होते. पण लिहिलं. अक्षर बदलून.