पडद्याआडचा उपचार

ती बाई ठाण्यात आली तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. पुलगाव भागात मी तेव्हा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. बाई नाचणगावची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरची सून. सोबत सासू. सून मान वर करेना, तेव्हा सासूच बोलली.

"साहेब, कंबर दुखते म्हणून हिले त्या निसर्गोपचारवाल्याकडे नेलं. त्यानं मले काढा उकळायले मागं धाडलं अन् इकडं पडद्याआड हिच्या अंगाशी नको ते केलं. वरून म्हणते, हा उपचारच असते!"

मी खोलीबाहेर गेलो. अशा वेळी वर्दीतल्या पुरुषाने समोर बसू नये. आमच्या महिला उपनिरीक्षकांनी सुनेचा जबाब घेतला. घाई न करता, तिच्याच शब्दांत. व्हरांड्यात मी सासूला विचारलं, "गावात बोभाटा होईल. भीती नाही वाटत?"

"काऊन भ्यावं? तोंड त्यानं लपवावं. माह्या सुनेनं काय केलं?"

गुन्हा दाखल झाला. त्या माणसाला परिसरात मान होता. 'देवमाणूस आहे, सोडा,' असे फोन सुरू झाले. चौकशीत तो शांतपणे बसला.

"साहेब, नस मोकळी करायची तर हात लावावाच लागते. अडाणी बायांले वेगळंच वाटते."

"पुरुषांचीही नस अशीच मोकळी करता?"

"हो, सगळ्यांले सारखंच."

मला हेच हवं होतं. 'सगळ्यांले सारखंच' हे आता पडताळून पाहता येणार होतं. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात टिकत नाही, साक्षीदार टिकतात. मी कंबरदुखीचे त्याचे पुरुष रुग्ण शोधायला लावले. प्रत्येकाने एकच सांगितलं: सदऱ्यावरूनच चोळलं, पडदा उघडा होता, घरचं माणूस शेजारी होतं. मग उपनिरीक्षक बाई महिला रुग्णांच्या घरी गेल्या, साध्या साडीत. तिथे मात्र प्रत्येकीच्या सोबतिणीला काही ना काही काम सांगून बाहेर काढलं होतं. सासू सुनेच्या पाठीशी उभी राहिली हे कळल्यावर आणखी दोघी तक्रारीला तयार झाल्या.

हे सगळं समोर ठेवलं तेव्हा त्याने पाणी मागितलं. 'देवमाणूस' म्हणणारे फोनही थांबले. पुढे तिघींनी न्यायालयात न अडखळता साक्ष दिली आणि त्याला शिक्षा झाली.

पण एकाला तुरुंगात टाकून भागणार नव्हतं. भागातले वैद्य, मालिशवाले, निसर्गोपचारवाले यांना आम्ही ठाण्यात बोलावलं. बाईमाणसाला एकटीला तपासायचं नाही, हात लावण्याआधी कारण सांगायचं, नको म्हटलं तर थांबायचं, हे ठरलं. काही जण चिडले. बहुतेकांना पटलं, एकामुळे सगळे बदनाम होत होते.

निवृत्तीनंतर पत्नीचा गुडघा दाखवायला आमच्याच भागातल्या तळेगावच्या एका वयस्क वैद्यांकडे गेलो. ठाण्यातल्या त्या बैठकीला तेही आले होते. त्यांनी मला तिच्या शेजारी बसवलं, काय करणार ते सांगितलं आणि विचारलं, "चालते का, वहिनी?"

"आज नाई," ती म्हणाली.

त्यांनी लगेच हात मागे घेतला, लेप कसा लावायचा ते सांगितलं आणि चहा मागवला. कोणालाच वाईट वाटलं नाही. गुन्हेगार पकडणं हे आमचं कामच होतं. पण बाईने 'नाई' म्हणावं आणि ते सहज ऐकलं जावं, ही त्या सासू-सुनेची कमाई. त्या कमाईत माझ्या ठाण्याचाही थोडा वाटा आहे, याचा मला अभिमान वाटतो.