आवाज दीडशे टक्के

आर्वीच्या एसटी डेपोसमोर लॅपटॉप दुरुस्त करणारा तो इतकं हळू बोलतो, की गिऱ्हाइकाला काउंटरवर ओणवं होऊनच ऐकावं लागतं. कोणी ओरडलं, की तो आणखी हळू बोलतो.

माझ्या जुन्या लॅपटॉपात विंडोज काढून लिनक्स त्यानंच टाकलेलं. त्यावरची भजनं आईला ऐकू येईनात, म्हणून गेलो. त्यानं सेटिंगमध्ये एक बटण चालू केलं आणि शंभरावर अडलेला आवाज दीडशेवर नेला. भजन दणाणलं, फाटलंही.

"एवढा नोका ठेवू, स्पीकर जाईन." त्यानं आवाज एकशेवीसवर आणला. "आन् आईसंग तुम्ही किती टक्क्यावर बोलता, भाऊ?"

मी काहीतरी पुटपुटलो.

पहिल्यांदाच तो काउंटरवर ओणवा झाला. "काय म्हनलं? ऐकू नाई आलं."