माझ्या लग्नात गेलेली मामाची दाढ

अख्ख्या मोगलाईत आमच्या मामाइतका दातांचा गर्व असलेला माणूस झाला नसेल, आणि झाला असेल तर त्यानं आमच्या गावी, झरीला येऊन दाखवावं! कासऱ्याची ओली गाठ मामा दातांनी सोडवायचा. ऊस सोलायला विळा मागणाऱ्याची त्याला कीव यायची. मामीच्या पितळी अडकित्त्याला तो "बोळक्यांचं हत्यार" म्हणायचा. बाजारात बैलाचा जबडा उघडून वय सांगायचा, ते ठीक. पण माणूससुद्धा तो आधी तोंडातच बघायचा. मी बिनबापाची, त्याच्याच घरात वाढलेली. मला चारठाण्याचं स्थळ आलं तेव्हा सगळे मुलाची जमीन विचारत होते आणि मामा त्याला हसवायला बघत होता. शेवटी म्हणाला, "दात लय झ्याक हायेत पोराचे. दावणीला बांधायला हरकत न्हाई." झालं, तिथंच माझं ठरलं.

आमच्यात सोयरीक पक्की झाली की चार माणसांसमोर सुपारी फोडतात. लोक दगडानं फोडतात. आमच्या सोयऱ्यांत तो मान मामाच्या दाढेचा. माझ्या वेळी कडकन् आवाज झाला, "फुटली, फुटली" म्हणत गूळ वाटला गेला. सुपारी फुटली होती खरी, पण मामाच्या दाढेचाही टवका उडाला होता. हे कळलं असतं तर अपशकुन झाला म्हणून पाहुणे तिथूनच उठले असते, आणि बिनबापाच्या पोरीला पुन्हा स्थळ कुठून यायचं? मामानं टवका सुपारीसकट गिळला आणि हसला. हे सगळं मला पुढं मामीनं सांगितलं.

लग्न होईपर्यंत तो कुणाला बोलला नाही. माठातलं गार पाणी सोडलं. भाकर कुस्करून एकाच बाजूनं खायचा. चुकून दुसऱ्या बाजूला गेली की चावून जबडा उघडताना डोळ्यांत टचकन पाणी. मामीनं विचारलं तर म्हणे, "ठेचा तिखट झालाय." बिचारीनं ठेचा करणंच सोडलं. लग्नाच्या दिवशी गाल टम्म फुगला, तर पटक्याचा सोगा गालावरून बांधून "मधमाशी चावली" म्हणत गडी अंतरपाटाशी माझ्या मागं उभा! खांद्यावरचा त्याचा हात तव्यासारखा तापला होता.

"मामा, ताप हाय तुला?"

"गप माय. आधी अक्षता पडू दे."

मी रडायला लागले, आणि लोकांना वाटलं, पोरगी सासरी जायची म्हणून रडतेय.

अक्षता पडल्या आणि मामा मांडवातच खाली बसला. मामीनं, तो बैलाचा उघडायचा तसा, त्याचा जबडा उघडून पाहिला. "माज्या कुकवासंगं खेळायलाव व्हय!" असं ओरडत तिनं त्याला गाडीत घातलं आणि परभणीचा दवाखाना गाठला. डॉक्टरसाहेब तडकले, "इत्ते दिन क्या करते थे? उसी दिन आते तो दाढ़ बच जाती!" मोडलेलं हाड जुळतं, दाताची चीर जुळत नाही, मुळाकडंच जाते, गार पाणी झोंबलं, चावताना कळ आली, तेव्हाच यायचं असतं, सूज आणि ताप म्हणजे जिवाशी गाठ, हे त्यांनी समजावून सांगितलं. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरीचं लगीन होऊ द्यावं म्हटलं, सायब." दाढ काढावी लागली. त्यानंतर मामी अडकित्त्यानं सुपारी अगदी बारीक कातरून त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तोही मुकाट खायचा.

मी माहेरी गेले की मामा विचारायचा, "जावईबापू नीट वागवतेत न्हवं?" मी हो म्हटलं की, "मंग दाढ सत्कारणी लागली!"

एकदा मात्र मी नवऱ्याशी कडाक्याचं भांडून, गाठोडं बांधून, कायमची म्हणून आले. मामानं नेहमीसारखं विचारलं. त्याचा तो बसलेला गाल माझ्याकडंच होता. मी म्हटलं, "लय चांगलं चाललंय, मामा." आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप परत गेले.

आता मामा नाही. भांडणं अजून होतात आमची, पण गाठोडं मी पुन्हा कधी बांधलं नाही.